सवय होणं हेही शिकणंच: कोळ्यापासून झेब्राफिशपर्यंतची गोष्ट

झोपलेलं तान्हं बाळ कुकरच्या पहिल्या शिट्टीला दचकतं. दुसरीला थोडं कमी, चौथी-पाचवीला बहुधा हलतही नाही. तुम्हाला वाटतं, दमलं असेल. पण तसं नसतं. हा आवाज आपलं काही बिघडवत नाही, हे त्याचा मेंदू शिकलेला असतो. या शिकण्याला हॅबिच्युएशन म्हणतात, साध्या मराठीत 'सरावणं'.

हा दमण्याचा नव्हे, शिकण्याचा प्रकार आहे, हे कळायला बरीच वर्षं लागली. १८८७ साली अमेरिकेतल्या जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम या दांपत्यानं कोळ्यांवरची निरीक्षणं प्रसिद्ध केली. कानाचे डॉक्टर वापरतात तसा नादकाटा वाजवून जवळ नेला की कोळी घाबरून धाग्यावरून खाली उडी घ्यायचा. पुन्हा पुन्हा तेच केलं, की तो उडी मारेनासा व्हायचा.

पण कोळी थकला नव्हता कशावरून? याची कसोटी सोपी आहे. सरावलेल्या प्राण्याला मध्येच एखादा वेगळा, जोरदार धक्का द्यायचा. त्यानंतर जुन्या उद्दीपनाला तो पुन्हा पहिल्यासारखा प्रतिसाद देऊ लागला, तर ताकद शिल्लक होतीच, मेंदूनं फक्त दुर्लक्ष केलं होतं. एरिक कँडेल आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये अ‍ॅप्लिशिया या समुद्री गोगलगायीत हेच दाखवलं. शिवाय सरावताना एका चेतापेशीकडून दुसरीकडे जाणारा रासायनिक निरोप क्षीण होतो, हेही त्यांच्या कामातून पुढे आलं. स्मृतीवरील संशोधनासाठी कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळालं.

गोगलगायीनं यंत्रणा दाखवली. पण यात कोणती जनुकं लागतात, हे शोधायला पाठीचा कणा असलेला, भरपूर अंडी देणारा छोटा प्राणी हवा होता. तो आपल्याच भागातला निघाला. ईस्ट इंडिया कंपनीत डॉक्टर असलेल्या फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगा आणि तिच्या उपनद्यांमधल्या माशांवरच्या १८२२ च्या ग्रंथात झेब्राफिशचं वर्णन केलं होतं. पुढे ऑरेगन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणलं आणि १९८१ च्या त्यांच्या शोधनिबंधानंतर जगभर त्याचा वापर वाढला. त्याची पिल्लं पारदर्शक असतात, त्यामुळे आतल्या चेतापेशी जिवंतपणीच पाहता येतात.

पाच दिवसांचं पिल्लू जेमतेम चार मिलिमीटरचं असतं. अचानक आवाज झाला की ते इंग्रजी 'सी' अक्षरासारखं वळून निसटतं. तोच आवाज थोड्या थोड्या वेळानं होत राहिला, की वळणं कमी होतं. २०१५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मार्क वोलमन, मायकेल ग्रनाटो आणि सहकाऱ्यांनी जनुकीय बदल असलेल्या पिल्लांमधून न सरावणारी पिल्लं शोधली. त्यातल्या काहींत बिघडलेलं जनुक होतं 'पॅप-ए' प्रथिनाचं. हे नाव तुम्ही ऐकलं असेल. गरोदरपणातल्या डबल मार्कर चाचणीत मोजतात, तेच हे प्रथिन. पण घाबरू नका: रिपोर्टमधला आकडा कमी आला म्हणून बाळ शिकण्यात मागे पडेल, असा अर्थ यातून निघत नाही. ती चाचणी वेगळ्याच कारणासाठी असते.

माणसांतही सरावणं तपासता येतं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांच्या १९७३ च्या नवजात तपासणीत झोपलेल्या बाळाला पुन्हा पुन्हा उजेड दाखवतात, खुळखुळा आणि घंटा वाजवतात आणि प्रतिसाद कसा कमी होतो ते पाहतात. दुसरीकडे, मायग्रेनच्या अनेक रुग्णांचा मेंदू दुखणं नसतानाही तेच तेच चित्र पाहून इतरांसारखा सरावत नाही, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

म्हणून घरातलं कुणी 'टीव्हीचा आवाज सहन होत नाही' म्हणालं, तर त्याला नाटकी ठरवू नका. ज्याकडे तुमचा मेंदू सहज दुर्लक्ष करतो, ते त्याच्या मेंदूला दर वेळी नव्यानं ऐकावं लागत असेल. आवाज कमी करा आणि त्रास वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि बाळ पहिल्या आवाजालाही कधीच दचकत नसेल, तर त्याला 'सरावलं' म्हणू नका. त्याच्या कानांची तपासणी लवकर करून घ्या.