कमी कष्टांचा वारसा

मालवणच्या किनाऱ्यावर एखादं माडांचं भाट विकायला निघालं की कारण बहुतेक वेळा एकच सांगितलं जातं : बघायला कोणी नाही. जमीन चांगली असते, विहिरीला पाणी असतं, माडही धरते असतात. पण म्हातारी माणसं थकलेली, मुलं मुंबईला, शिंपायला आणि माडावर चढायला माणूस मिळत नाही. अशी भाटं आम्ही डोळ्यांदेखत परक्या हातात जाताना पाहिली आहेत. म्हणून देहरीच्या सावे कुटुंबाची वाटचाल आम्हा सिंधुदुर्गातल्या बागायतदारांनी मुद्दाम समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या बागेत आजोबांनी झाडं लावली, मुलांनी सांभाळली आणि आता नातवाची पिढी तिथे काम करते आहे.

देहरी हे उंबरगाव तालुक्यातलं किनाऱ्यालगतचं गाव. पूर्वी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. 1960 साली दोन राज्यं वेगळी झाली तेव्हा तो गुजरातेत गेला. माणसं, माड आणि समुद्र मात्र डहाणू-बोर्डीकडचेच राहिले. सावे कुटुंब वाडवळ, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बागायतीत मुरलेलं. आमच्याकडे वाडी म्हणजे वस्ती. त्यांच्याकडे वाडी म्हणजे बाग. अशा घरात 27 जानेवारी 1922 रोजी भास्कर हिराजी सावे जन्मले. घरची शेती भाताची, कडधान्यांची आणि थोड्या भाजीपाल्याची होती. सातवीपर्यंत शिकून ते शिक्षक झाले आणि दहाएक वर्षं प्राथमिक शाळेत शिकवता शिकवता घरची शेतीही करत राहिले.

1951 च्या सुमारास त्यांनी भाजीच्या मळ्यात रासायनिक खतं वापरायला सुरुवात केली. पीक जोमानं आलं. शेती खात्याचे लोक त्यांचं शेत इतरांना आदर्श म्हणून दाखवू लागले. खतविक्रीची एजन्सीही त्यांच्याकडे आली. पण सावे गुरुजी हिशेब ठेवणारे होते. तेवढंच पीक काढायला दर वर्षी जास्त खत लागतंय, जास्त पाणी लागतंय आणि हातात उरणारा पैसा घटतोय, हे त्यांच्या वहीनं त्यांना दाखवून दिलं. गांधी आणि विनोबांच्या विचारांचा संस्कार मनावर होताच. पन्नाशीचं दशक सरता सरता त्यांनी शेताच्या एका भागात रसायनं थांबवली. उत्पादन घटलं, पण खर्च त्याहून कितीतरी जास्त घटला आणि निव्वळ शिल्लक वाढली. हा ताळा पटल्यावर त्यांनी रासायनिक शेती सोडली ती कायमची.

त्यातून उभी राहिली ती ‘कल्पवृक्ष’ ही सुमारे 14 एकरांची वाडी. त्यातल्या सुमारे 10 एकरांवर मुख्यतः नारळ आणि चिकू. त्यांच्या सोबतीला केळी, पपई, पोफळी, शेवगा, फणस, जांभूळ, लिंबू, सीताफळ, कढीपत्ता, मिरीचे आणि नागवेलीचे वेल. दोनेक एकरांत पाळीपाळीनं नवाबी कोलम हा उंच वाढणारा देशी भात, कडधान्यं, हिवाळी गहू आणि भाजीपाला. उरलेल्या जागेत नारळाच्या रोपांची रोपवाटिका. घरचं जेवण बहुतांशी याच वाडीतून येतं.

या वाडीची खरी किमया लावणीच्या क्रमात आहे. सावे झाडांचे तीन गट करत : अल्पजीवी, मध्यमजीवी आणि दीर्घजीवी. नारळ-चिकूची रोपं लहान असताना मधल्या मोकळ्या जागेत भाज्या आणि कडधान्यं घ्यायची. त्यातून पहिल्या वर्षापासून पैसा येतो आणि द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळतं. पुढे केळी, पपई, शेवगा उत्पन्न देऊ लागतात. तोवर मोठी झाडं वाढतात, सावली दाट होते, भाजी आपोआप मागे पडते. तण उपटून फेकायचं नाही, कापून तिथेच पसरायचं. सावली धरली की तेही उगवेनासं होतं. पालापाचोळा कुजतो, गांडुळं जमीन भुसभुशीत करतात. सुरुवातीची काही वर्षं कष्टाची. त्यानंतर नांगरणी नाही, खुरपणी नाही, खत नाही, फवारणी नाही. थोडं पाणी आणि काढणी एवढंच काम उरतं.

पाण्याची पद्धत तर आम्हा माडवाल्यांना चकित करणारी आहे. आम्ही माडाच्या बुंध्याशी आळं करून तिथेच पाणी सोडतो. सावे यांनी झाडांच्या ओळी उंचवट्यावर ठेवल्या आणि दोन ओळींच्या मधोमध चर खणले. पाणी सोडायचं ते त्या चरातच. अन्नपाणी शोषणारी कोवळी मुळं बुंध्यापासून दूर असतात. त्यांना ओलाव्याकडे जायची सवय लागते, बुंध्याशी पाणी साचत नाही आणि एकूण पाणी फार कमी लागतं. पावसाळ्यात तीच भुसभुशीत, पाचोळ्यानं झाकलेली माती पाणी पोटात मुरवून घेते. आमच्याकडे सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात, हे लक्षात घेतलं की या पद्धतीचं मोल कळतं.

फळाचं काय? आमच्या बाणवली माडाला वर्षाला ऐंशी ते शंभर नारळ धरले तर आम्ही समाधानी असतो. कल्पवृक्षातले काही माड वर्षाला 400 हून अधिक नारळ देत असल्याचं आणि जुन्या चिकूच्या एकेका झाडाला तीनेकशे किलो फळ मिळत असल्याचं पाहणाऱ्यांनी नोंदवून ठेवलं आहे. जपानचे नैसर्गिक शेतीचे आचार्य मासानोबू फुकुओका ही वाडी पाहून गेले आणि आपल्या स्वतःच्या शेतापेक्षाही ती सरस असल्याचं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. 2006 साली सावे यांनी राष्ट्रीय शेतकरी आयोगाचे अध्यक्ष एम. एस. स्वामिनाथन यांना खुलं पत्र लिहून हरितक्रांतीनं माती आणि पाण्याचं जे नुकसान केलं त्याचा जाब विचारला. 2010 साली सेंद्रिय शेतीच्या जागतिक महासंघानं, म्हणजे आयफोमनं, त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला.

24 ऑक्टोबर 2015 रोजी, वयाच्या 93 व्या वर्षी भास्कर सावे गेले. एका माणसाभोवती उभं राहिलेलं काम त्याच्यामागे मोडतं, हा आपला नेहमीचा अनुभव. इथे तसं झालं नाही. मुलं आणि नातू त्याच पद्धतीनं वाडी चालवतात, आलेल्या शेतकऱ्यांना चर आणि उंचवटे दाखवतात. हे घडलं त्यामागे घरचे संस्कार आहेतच, पण त्याहून मोठं कारण वाडीच्या रचनेत आहे. पहिल्या पिढीनं जास्तीचे कष्ट स्वतः उपसले आणि पुढच्यांच्या वाट्याला कमी कामाची, कमी खर्चाची जमीन ठेवली.

आमच्याकडे उलट होत आलं आहे. हापूसच्या बागेत मोहोरासाठी कल्टार हे रसायन, तुडतुड्यासाठी फवारणी, मग आणखी एक फवारणी. बाग जुनी होत जाते तसा तिचा खर्च वाढतो आणि वारसाच्या हाती कलमांबरोबर उधारीची वहीही येते. देहरीची नक्कल इथे जशीच्या तशी होणार नाही. आमचा कातळ वेगळा, जांभ्याची माती वेगळी, उतार वेगळे. पण परसातल्या दहा माडांच्या मधोमध एक चर खणून बघता येईल, झावळ्या आणि नारळाची सोडणं जाळण्याऐवजी त्यात टाकता येतील, मिरीचा वेल माडावर चढवता येईल.

या पावसाळ्यात माडाचं रोप लावायला जो कोणी खड्डा खणेल, त्यानं कुदळ खाली ठेवण्याआधी एवढाच विचार करावा : वीस वर्षांनी माझी मुलगी चार दिवसांच्या सुट्टीवर गावी आली, तर तिला इथे शिंपावं लागेल, की नुसते नारळ वेचावे लागतील?