गोलाकार तारकागुच्छांतील बहुविध तारकासमुदाय

गोलाकार तारकागुच्छांतील बहुविध तारकासमुदाय म्हणजे एकाच गुच्छात आढळणारे, परंतु रासायनिक घटनेने परस्परांहून भिन्न असलेले ताऱ्यांचे गट होत. वॉल्टर बाडे यांनी १९४४ मध्ये केलेल्या पहिल्या व दुसऱ्या समुदायांच्या वर्गीकरणाशी त्यांची गल्लत करू नये. गुच्छातील सर्व तारे एकाच वायुमेघातून एकाच वेळी जन्मले, असे विसाव्या शतकात दीर्घकाळ मानले जात होते. ताऱ्यांच्या उत्क्रांतीचे सिद्धान्त याच गुच्छांवर पारखले गेल्यामुळे या गृहीतकाला तडा जाणे ही लहान गोष्ट नव्हती.

ओमेगा सेंटॉरी

नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा आकाशगंगेतील सर्वांत मोठा गोलाकार गुच्छ होय. तो सुमारे १७,००० प्रकाशवर्षे दूर असून त्यात जवळपास १ कोटी तारे आहेत. एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रातूनही अंधाऱ्या रात्री दक्षिणेकडे, क्षितिजापासून फार उंच नसलेला असा तो पुसट ठिपक्यासारखा दिसतो. योहान बायरने १६०३ मध्ये तारा समजूनच त्याला ग्रीक अक्षर दिले होते.

हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २००४ मध्ये या गुच्छाचा मुख्य अनुक्रम दुहेरी असल्याचे स्पष्ट झाले. जड मूलद्रव्ये अधिक असलेले तारे सामान्यतः अधिक तांबूस दिसतात. येथे मात्र उलटेच आढळले. २००५ मधील वर्णपटांनुसार निळसर अनुक्रमातील ताऱ्यांमध्येच लोह अधिक होते. त्यांच्यात हेलियमचे प्रमाण नेहमीच्या २५ टक्क्यांऐवजी ३५ ते ४५ टक्के मानले, तरच हे कोडे सुटते. कारण हेलियम अधिक असलेला तारा तेवढ्याच वस्तुमानाच्या इतर ताऱ्याहून अधिक तप्त असतो. २००७ मध्ये एनजीसी २८०८ या गुच्छात तिहेरी अनुक्रम आढळला.

लोहाच्या प्रमाणातील अशी तफावत मोजक्याच गुच्छांत दिसते. त्यामुळे ओमेगा सेंटॉरी हा आकाशगंगेने गिळलेल्या एखाद्या बटू दीर्घिकेचा गाभा असावा, असे अनेक खगोलशास्त्रज्ञ मानतात.

सोडियम व ऑक्सिजन

बहुतेक गुच्छांत लोह सारखे असूनही काही ताऱ्यांत सोडियम अधिक व ऑक्सिजन कमी असतो. हा बदल राक्षसी ताऱ्यांच्या अंतर्भागातील घुसळणीने होत असावा, असा पूर्वी तर्क होता. २००१ मध्ये एनजीसी ६७५२ मधील, राक्षसी अवस्थेस न पोहोचलेल्या ताऱ्यांतही तोच बदल सापडला. अशा ताऱ्यांच्या गाभ्यात या प्रक्रियेस लागणारे तापमान नसते. अर्थात हे द्रव्य त्यांना अन्य ताऱ्यांकडून मिळालेले असले पाहिजे.

ते कोणाकडून मिळाले, यावर एकमत नाही. मध्यम वस्तुमानाचे वृद्ध तारे, वेगाने परिवलन करणारे महाकाय तारे, युग्मतारे आणि सूर्याच्या हजारो पट वस्तुमानाचे अतिप्रचंड तारे असे पर्याय सुचवले गेले आहेत. मोठी अडचण द्रव्याच्या हिशेबाची आहे. अनेक गुच्छांत बदललेल्या घटनेचे तारे निम्म्याहून अधिक भरतात. पहिल्या पिढीतील थोड्याशा ताऱ्यांनी टाकलेल्या द्रव्यातून एवढे तारे घडणे अवघड आहे. गुच्छांनी आरंभीचे बहुतांश तारे गमावले असावेत, हे त्यावरील एक उत्तर. पण तेही सर्वमान्य नाही. ‘पिढी’ हा शब्दसुद्धा त्यामुळे काही अभ्यासक टाळतात.