स्मृतिभ्रंश-शुश्रूषा प्रशिक्षण, ग्रामीण

गावपातळीवरील आरोग्य कर्मचाऱ्यांना मेंदूचे आरोग्य, स्मृतिभ्रंशाची लवकर ओळख आणि रुग्णाची घरच्या घरी करावयाची शुश्रूषा यांविषयी दिले जाणारे शिक्षण. भारतात ते मुख्यतः आशा स्वयंसेविका, आरोग्य सेविका व सेवक, उपकेंद्रावरील समुदाय आरोग्य अधिकारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी यांच्यासाठी असते. स्मृतिभ्रंश अर्थात डिमेन्शिया हा एकच एक रोग नव्हे. अनेक रोगांतून उद्भवणारा तो लक्षणसमूह आहे. अल्झायमर रोग हे त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण असून त्याखालोखाल मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार येतात.

गरज : 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीवर आधारित अंदाजानुसार भारतात साठ वर्षांवरील 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांत आणि खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. 2010 च्या एका अहवालात हाच आकडा 37 लाख होता. दोन्ही अंदाजांच्या पद्धती वेगळ्या असल्याने मधला फरक ही निव्वळ वाढ मानता येत नाही. हरियाणातील बल्लभगढ येथील आधीच्या अभ्यासात तर ग्रामीण भागात अल्झायमरचे प्रमाण फारच कमी दिसले होते. शालेय शिक्षण नसलेल्या वृद्धांची स्मृती कोणत्या कसोटीने मोजावी, या प्रश्नाशी आकड्यांतील ही तफावत जोडलेली आहे.

मज्जाविकारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. गावातील वृद्धापर्यंत प्रथम पोहोचते ती आशा किंवा आरोग्य सेविका. तिलाच हा आजार ठाऊक नसेल, तर पुढची सारी साखळी सुरूच होत नाही.

लोकसमज : ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आणि ‘म्हातारचळ’ हा शब्द यांतून विसरभोळेपणा हा वयाचा धर्म असल्याची समजूत मराठीत रुजलेली दिसते. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या गोव्यातील गुणात्मक अभ्यासात हीच गोष्ट पुढे आली. स्मृतिभ्रंशाचे वर्णन ऐकवल्यावर लोकांना ते ओळखीचे वाटे, मात्र तो वैद्यकीय उपचाराचा विषय वाटत नसे. आजार मानला नाही की डॉक्टरांकडे नेण्याचे कारण उरत नाही आणि रुग्णाच्या वागण्याचा अर्थ हट्ट, दुष्टावा किंवा नाटक असा लावला जातो. सून जेवायला देत नाही, अशी तक्रार जेवून उठलेल्या सासूने शेजारी जाऊन करावी आणि गावाने ती खरी मानावी, यात दोघींचीही परवड होते. म्हणून प्रशिक्षणाचा पहिला धडा वैद्यकीय व्याख्येऐवजी हा गैरसमज दूर करण्याचा असावा लागतो.

गोव्यातील प्रयोग : विकसनशील देशांतील स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासासाठी 1998 मध्ये कोची येथे ‘10/66’ हा संशोधकगट स्थापन झाला. जगातील दोन-तृतीयांश रुग्ण या देशांत असूनही तेथील लोकसंख्येवर दहा टक्क्यांहून कमी संशोधन होते, ही विसंगती नावातच नोंदवलेली आहे. याच प्रवाहातून अमित डायस व सहकाऱ्यांनी गोव्यात केलेली यादृच्छिक नियंत्रित चाचणी 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. तज्ज्ञाऐवजी अल्प प्रशिक्षित स्थानिक व्यक्तीने घरी जाऊन दिलेल्या सेवेचा हा भारतातील सर्वांत तपशीलवार नोंदलेला प्रयोग होय.

त्यात 81 कुटुंबे सहभागी झाली. ‘गृहशुश्रूषा सल्लागार’ म्हणून निवडलेल्या कार्यकर्त्यांना वैद्यकीय पदवीची अट नव्हती. उच्च माध्यमिक शिक्षण, स्थानिक भाषा आणि कामाची आस्था एवढे पुरेसे मानले गेले. आठवडाभराच्या सखोल प्रशिक्षणानंतर ते सहा महिने, साधारण पंधरा दिवसांतून एकदा तरी, कुटुंबाला भेटत. आजाराची माहिती देणे, अंघोळ, जेवण, कपडे यांविषयी व्यवहार्य सल्ला देणे, त्रासदायक वर्तन कसे हाताळावे हे दाखवणे आणि काळजी घेणाऱ्या व्यक्तीचे ऐकून घेणे ही त्यांची कामे होती. देखरेखीसाठी अंशकालीन मानसोपचारतज्ज्ञ होता आणि गरज पडल्यास औषधे तोच देई. तुलनेच्या गटातील कुटुंबांना त्या काळात केवळ माहिती मिळाली.

सहा महिन्यांनंतर काळजी घेणाऱ्यांचे मानसिक आरोग्य लक्षणीय सुधारले आणि रुग्णाच्या वर्तनामुळे त्यांना होणारा मनस्ताप कमी झाला. रुग्णाच्या वर्तनात किंवा दैनंदिन क्षमतेत मात्र सांख्यिकीदृष्ट्या ठोस फरक दिसला नाही. आजार पुढे सरकतच राहतो, पण त्याच्यासोबत जगणाऱ्या माणसाचे ओझे हलके करता येते. ग्रामीण प्रशिक्षणाची आखणी करताना हा निष्कर्ष सर्वांत मोलाचा ठरतो.

‘10/66’ गटाने पुढे काळजीवाहकांसाठी पाच साप्ताहिक सत्रांचा आराखडा वापरला : एक सत्र परिस्थिती समजून घेण्याचे, दोन आजाराच्या माहितीचे, दोन वर्तनसमस्यांचे. प्रत्येक सत्र सुमारे अर्ध्या तासाचे असल्याने ते गृहभेटीत बसते.

केरळ आणि वेल्लोर : के. एस. शाजी व सहकाऱ्यांनी केरळात, त्रिशूर परिसरात, स्थानिक आरोग्य कार्यकर्त्यांना काही तासांचे प्रशिक्षण देऊन संशयित रुग्ण शोधायला सांगितले. तज्ज्ञ तपासणीत त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश व्यक्तींना खरोखरच स्मृतिभ्रंश असल्याचे आढळले (2002). तमिळनाडूतील वेल्लोर येथील अशाच 2007 च्या अभ्यासाचे निष्कर्ष एवढे आशादायक नव्हते. प्रशिक्षणाचा कालावधी, कार्यकर्त्यांचा गावाशी असलेला परिचय आणि तपासणीची कसोटी या तिन्हींत भिन्नता असल्याने दोन्ही अभ्यासांची थेट तुलना सहसा टाळली जाते.

शासकीय चौकट : राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम (1982), जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम (1996) आणि 2010–11 पासूनचा वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम हे तीन आधार आहेत. 2018 पासून आयुष्मान भारत योजनेतील आरोग्य केंद्रांच्या विस्तारित सेवांत मानसिक व मज्जासंस्थेचे विकार आणि वृद्धांची काळजी यांचा समावेश झाला. आशा, आरोग्य सेविका आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांच्यासाठी या विषयांच्या स्वतंत्र प्रशिक्षण पुस्तिका तयार करण्यात आल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2010 च्या मार्गदर्शिकेतही बिगरतज्ज्ञ कर्मचाऱ्यांसाठी स्मृतिभ्रंशाचे प्रकरण आहे.

आशा स्वयंसेविका तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी जो तपासणी तक्ता भरते, त्यात साठीपुढील व्यक्तीला विचारायचा एक प्रश्न जवळच्यांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरण्याविषयी आहे. हा प्रश्न तक्त्यात असणे ही मोठी सोय आहे, पण त्याला दोन मर्यादा आहेत. घरच्यांची नावे विसरेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. शिवाय रुग्णाला आपल्या विस्मरणाची जाणीव अनेकदा नसते, त्यामुळे उत्तर ‘नाही’ येते. म्हणून चांगला प्रशिक्षक कर्मचाऱ्याला मुलीला, सुनेला किंवा जोडीदाराला वेगळे बसवून असे विचारायला शिकवतो : वर्षभरापूर्वी जमत होते आणि आता जमत नाही, असे काय आहे?

अभ्यासक्रमाचा गाभा : तीन अवस्थांमधील फरक ओळखता येणे ही किमान अपेक्षा असते. स्मृतिभ्रंश महिनोन्महिने हळूहळू वाढतो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक आलेले भ्रमिष्टपण ही वेगळी अवस्था असून तिच्यामागे बहुधा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणे, साखर घसरणे किंवा नवे औषध असते. अशा व्यक्तीला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे लागते. तिसरी अवस्था नैराश्याची. तिच्यात उत्साह मावळतो आणि विचारलेल्याला ‘माहीत नाही’ असे उत्तर येते, पण औषधोपचाराने सुधारणा होते. यांखेरीज ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडची मंदता आणि पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साचलेले रक्त ही उपचारयोग्य कारणे तपासल्याशिवाय स्मृतिभ्रंशाचे निदान पक्के करू नये, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात ठसवले जाते.

कसोट्यांची अडचण मोठी आहे. शंभरातून सात वजा करत जाणे, वाक्य लिहिणे, आकृती उतरवणे या बाबी शाळेत न गेलेल्या व्यक्तीला निरोगी असतानाही जमत नाहीत. बल्लभगढच्या संशोधनातून हिंदीत निरक्षरांसाठी बेतलेली चाचणी आणि रोजच्या कामांची प्रश्नावली तयार झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या बहुभाषिक चाचणीसंचाच्या पहिल्या पाच भाषांत (2020) मराठी नव्हती. गावपातळीवर रोजच्या कामांचे प्रश्न अधिक खात्रीचे ठरतात : दुकानातून उरलेले पैसे बरोबर आणतात का, शेताची वाट चुकतात का, भाजीत मीठ दोनदा पडते का, घरातला सण-वार ध्यानात राहतो का. तारखेपेक्षा तिथी किंवा बाजाराचा वार विचारणे अनेक वृद्धांच्या बाबतीत न्याय्य असते.

शुश्रूषेच्या भागात दिनक्रम एकसारखा ठेवणे, एका वेळी एकच सूचना देणे, चुकीवरून वाद न घालणे, रात्री शौचालयाच्या वाटेवर दिवा ठेवणे, विहीर, चूल आणि कीटकनाशके यांपासून रुग्णाला जपणे आणि घराबाहेर भरकटल्यास शोधाची तयारी हे विषय येतात. हे काम बहुतेक घरांत एकाच स्त्रीवर पडते. तिची झोप, पाठदुखी, मजुरीचे बुडालेले दिवस आणि मनातला राग यांची विचारपूस हा प्रशिक्षणातील दुय्यम भाग समजला जातो, पण गोव्याच्या निष्कर्षांनुसार तो मुख्य भाग असायला हवा.

प्रतिबंध : ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालाने बदलता येण्याजोगे 14 धोके मांडले. ते सर्व दूर झाले तर जगातील सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असे त्यात म्हटले आहे. अल्पशिक्षण, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, श्रवणदोष, उपचार न झालेला दृष्टिदोष, हवेचे प्रदूषण आणि एकाकीपणा हे त्यांपैकी ग्रामीण कार्यकर्त्याला रोज दिसणारे धोके. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी नाव नोंदवणारी आशा मेंदूच्या आरोग्याचेच काम करत असते. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे पहिले कारण ठरले. दर सात मृत्यूंमागे सुमारे एक मृत्यू त्याने झाला होता. पक्षाघातातून वाचलेल्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, त्यामुळे रक्तदाबाच्या गोळ्या नियमित चालू ठेवण्याचे शिक्षण या विषयाच्या केंद्रस्थानी येते.

औषधे : डोनेपेझिलसारख्या औषधांचा उपयोग मर्यादित आणि मुख्यतः अल्झायमरमध्ये होतो.

दूरमार्गदर्शन : कर्नाटकात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या सहकार्याने 2022 मध्ये मेंदू-आरोग्य उपक्रम सुरू झाला. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांचे प्रशिक्षण अंतर्भूत आहे. त्याच वर्षी देशभर सुरू झालेल्या टेलि-मानस या दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक 14416 हा आहे.

अखेरचा टप्पा : अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे पाठीचे व्रण, गिळताना लागणारा ठसका आणि वेदना यांची काळजी परिहारक (पॅलिएटिव्ह) सेवेत मोडते. केरळात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आधाराने चालणाऱ्या गृहभेटींतून ती गावांपर्यंत पोहोचली आहे.