ताडपत्रीखाली काय बांधले आहे?

महामार्गावर पुढे चाललेल्या उघड्या ट्रेलरवरची ताडपत्री ताठ ओढलेली दिसली, की मागचा वाहनचालक निर्धास्त होतो. हा विश्वास अनाठायी आहे. ताडपत्री पाऊस, धूळ आणि वारा अडविते. माल जागेवर धरून ठेवण्याचे काम साखळ्या, पट्टे आणि पाचरी यांचे असते. फ्लॅटबेड ट्रेलरला तर बाजूच्या फळ्याही नसतात. त्यामुळे सारी भिस्त बांधणीवर.

'एवढा जड माल हलणार कुठे?' हा नेहमीचा युक्तिवाद. हिशेब नेमका उलटा आहे. जोराचा ब्रेक लागल्यास माल स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के जोराने पुढे, तर वळणावर ५० टक्के जोराने बाजूला सरकू पाहतो, असे धरून युरोप व अमेरिकेतील बांधणीचे नियम बेतले आहेत. म्हणजे खंडाळ्याचा घाट उतरताना २० टनांची पोलादी कॉइल १६ टनांचा रेटा देऊ शकते. तो पेलण्याची ताकद केबिनमागच्या पत्र्यात नसते आणि पत्र्यापलीकडे चालक व क्लीनर बसलेले असतात.

म्हणून कॉइल आधी लाकडी पाळण्यात बसवून पाचरींनी जखडावी आणि मग साखळी आवळावी. मालावरून टाकलेला पट्टा जितका उभा, तितका त्याचा दाब अधिक. तो जमिनीशी ३० अंशांत असेल, तर खाली दाबणारा जोर निम्मा उरतो. मालाखाली रबरी चटई घातल्यास घर्षण वाढते. धारदार कडेवर पट्ट्याखाली संरक्षक कोपरा हवाच. लांबीचा नियमही सोपा आहे. पुढे आधार नसलेल्या मालाला अमेरिकेत पहिल्या १० फुटांसाठी दोन आणि पुढे दर १० फुटांमागे किमान एक बंध लागतो.

ताडपत्री शेवटी येते. दोन ताडपत्र्या असतील, तर मागची आधी पसरावी; पुढची तिच्यावर चढली, की वारा सांध्यात शिरत नाही. फडफडणारे टोक काही तासांत फाटते. वाऱ्यात मालावर चढून ताडपत्री ओढणे हा मात्र या कामातला सर्वांत धोक्याचा भाग आहे.

सळया आणि पाइप यांची गोष्ट निराळी. मागे बाहेर काढून माल नेण्याची मर्यादित मुभा केंद्रीय मोटार वाहन नियमांतून २०१४ मध्ये काढून टाकण्यात आली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादेबाहेर आलेल्या मालासाठी २० हजार रुपये दंड आणि माल उतरविण्याचा खर्च अशी तरतूद आहे. सळईला लाल फडके बांधले म्हणजे झाले, ही समजूत तरीही टिकून आहे.

प्रवास सुरू झाला, की माल बसतो आणि बंध सैल पडतात. अमेरिकी चालकाला पहिल्या ५० मैलांच्या, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरच्या आत थांबून बांधणी तपासावी लागते. आपल्याकडे चहाचा पहिला थांबा साधारण तेवढ्याच अंतरावर येतो. चहा येईपर्यंत ट्रेलरभोवती एक फेरी होऊ शकते.