यजमान विद्यापीठ आणि इतिहास परिषदेचे अधिवेशन : पुणे १९३५, १९६३, २०१८

शनिशिंगणापूर हे गाव दाराला कवाड नसलेल्या घरांमुळे देशभर परिचित आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ज्या नेवासे तालुक्यात ते वसले आहे, तो तालुका वेगळ्या कारणाने परिचित असतो. नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९६० मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतच्या वस्तीचे थर प्रवरेच्या काठी सापडले. आज या परिसरातील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. त्यामुळे पुण्यात अखिल भारतीय पातळीवरील अधिवेशन भरते किंवा भरत नाही, ही गोष्ट येथील प्राध्यापकाच्या दृष्टीने केवळ बातमी नसते. प्रस्तुत लेखात भारतीय इतिहास परिषदेच्या पुण्याशी निगडित तीन प्रसंगांच्या आधारे यजमानपदाच्या प्रश्नाचा विचार केला आहे.

परिषदेचा आरंभच पुण्यात झाला, आणि तोही विद्यापीठाविना. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. परिषद भरली १९३५ मध्ये. वि. का. राजवाडे व खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० मध्ये स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचे ते वर्ष होते. दत्तो वामन पोतदार यांच्या पुढाकाराने मंडळाने देशातील इतिहासकारांना निमंत्रण दिले. अध्यक्षस्थानी अलाहाबाद विद्यापीठाचे सर शफाअत अहमद खान होते. सभेचे नाव त्या वेळी ‘अखिल भारतीय आधुनिक इतिहास परिषद’ असे होते. १९३८ मध्ये अलाहाबादला दुसरे अधिवेशन भरले तेव्हा ‘आधुनिक’ हा शब्द गळाला आणि परिषदेने आजचे नाव धारण केले. मंडळ ही वर्गणी, देणग्या आणि सभासदांचे श्रम यांवर चालणारी संस्था. दप्तरे गोळा करण्यासाठी गावोगाव पायपीट करणाऱ्या माणसांना पाहुण्यांची व्यवस्था करणे अवघड वाटले नसावे, असे म्हणता येईल.

पुढे यजमानपद प्रामुख्याने विद्यापीठांकडे गेले. त्याची रीत अशी की, कोणा संस्थेचे निमंत्रण परिषद स्वीकारते आणि त्या संस्थेचा इतिहास विभाग स्थानिक सचिवाच्या नेतृत्वाखाली तयारीला लागतो. वसतिगृहे रिकामी मिळावीत म्हणून अधिवेशन बहुधा डिसेंबरच्या अखेरीस ठेवले जाते. प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक, भारतेतर देश व पुरातत्त्व असे विभाग एकाच वेळी चालतात, म्हणजे तितकी सभागृहे हवीत. शोधनिबंध आधी मागवावे लागतात, नोंदणी शुल्क घ्यावे लागते, अनुदानासाठी अर्ज करावे लागतात. बाहेरून ही सारी किरकोळ कारकुनी भासते. परंतु शुल्क किती, निवास कोठे, निबंध केव्हापर्यंत पाठवायचा, यांवरच ग्रामीण महाविद्यालयातील प्राध्यापक येऊ शकतो की नाही हे ठरते. विद्वत्सभेचे स्वरूप अध्यक्षीय भाषणापेक्षा या तपशिलांत अधिक घडते.

१९६३ मध्ये पंचविसावे अधिवेशन पुण्यात भरले. १९६१ च्या दिल्ली अधिवेशनानंतर १९६२ हे वर्ष, म्हणजे चीन युद्धाचे वर्ष, रिकामे गेले होते. पुणे विद्यापीठाचे कुलगुरू त्या वेळी पोतदारच होते; १९३५ मध्ये संशोधकांच्या मंडळातर्फे जे निमंत्रक, तेच आता विद्यापीठाचे प्रमुख. शासकीय पद व अभ्यासकाची आस्था एका व्यक्तीत एकत्र येण्याचा असा योग विरळा.

तो योग २०१८ मध्ये नव्हता. एकोणऐंशीवे अधिवेशन २८ ते ३० डिसेंबर २०१८ या काळात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात व्हायचे ठरले होते. अधिवेशन काही आठवड्यांवर आले असताना विद्यापीठाने निधीच्या अडचणीचे कारण देऊन यजमानपदाबाबत असमर्थता कळविली. अखेर भोपाळच्या बरकतउल्ला विद्यापीठाने पुढाकार घेतला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तेथे अधिवेशन पार पडले. परिषदेचा क्रम तुटला नाही, हे खरे. पण डिसेंबरच्या सुट्टीतील पुणे आणि अध्यापन चालू असतानाच्या फेब्रुवारीतील भोपाळ यांत, नेवासे–सोनईकडील एकट्याने विभाग सांभाळणाऱ्या प्राध्यापकाच्या दृष्टीने, फार मोठे अंतर आहे. रजा, आरक्षण व खर्च या तिन्ही गोष्टी त्याच्या आवाक्याबाहेर जातात.

निधीची अडचण खोटी मानण्याचे कारण नाही. प्रश्न तो सांगण्याच्या वेळेचा, आणि भार एकाच कार्यालयावर ठेवण्याचा आहे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ, डेक्कन कॉलेज व भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर एकमेकांपासून काही किलोमीटरांच्या आत उभी आहेत. नगर व नाशिक जिल्ह्यांत संलग्न महाविद्यालयांचे इतिहास विभाग आहेत. यजमानपदाचा करार आरंभापासून विद्यापीठ, एखादी संशोधन संस्था व दोनतीन महाविद्यालये यांच्यात संयुक्तपणे झाला, तर एका घटकाचे अंदाजपत्रक कोलमडले तरी सभागृह आणि निवास हातात राहतात. अभ्यासदौरा नेवाशाच्या उत्खनन-टेकाडापर्यंत नेणेही मग शक्य होईल. निबंध वाचण्यासाठी पुण्याला जाणाऱ्या येथील प्राध्यापकाला त्या दिवशी पाहुण्यांना आपल्या गावचा इतिहास जागेवर दाखविता येईल.