काजूच्या आधीची फेणी

फेणी म्हटलं की डोळ्यांपुढे काजूचं लालपिवळं बोंड येतं. दुकानातल्या बाटल्यांवर तेच चित्र असतं आणि २००९ साली मिळालेलं भौगोलिक मानांकनही काजूच्याच फेणीचं आहे. पण गोव्यातली भट्टी काजूपेक्षा जुनी आहे. तिचं मूळ माडावर आहे, आणि त्याचा पुरावा खुद्द गोव्यातच छापला गेलेला आहे.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि इथलाच झाला. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर त्याने संवादरूपात लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापून निघाला. त्यात माडावर एक अख्खं प्रकरण आहे. काही माड नारळासाठी राखतात, काही सुरेसाठी, म्हणजे माडाच्या रसासाठी. त्या रसापासून गूळ करतात, शिरका करतात, आणि भट्टी लावून दारूही काढतात. कडक धार कोणती, सौम्य कोणती, हेही ओर्ताने वेगळं नोंदवलंय. काजूबद्दल मात्र त्या जाडजूड ग्रंथात अवाक्षर नाही. काजूचं झाड भेटतं ते क्रिश्तोव्हाँव द कॉश्ता या दुसऱ्या पोर्तुगीज वैद्याच्या १५७८ सालच्या ग्रंथात, आणि तेही कोचीच्या बागांतलं. ब्राझीलहून आलेलं हे झाड इकडे रुजत होतं तेव्हा गोव्याच्या भाटांत, म्हणजे बागायतींत, माडाची भट्टी कधीचीच पेटलेली होती. काजू आला तो या तयार चुलीवर चढला.

गोव्यात जिला सूर म्हणतात ती आपली माडी. ती काढण्याचं काम रेंदेराचं. कोकणात हेच काम पिढ्यान्‌पिढ्या भंडाऱ्यांनी केलं. माडाची पोय, म्हणजे फुलोऱ्याचा कोंब, उमलायच्या आत पातीच्या दोरीने घट्ट आवळून घ्यायची, रोज हलक्या हाताने ठोकायची, म्हणजे ती आतून सैल होते. मग टोकाकडून धारदार कोयत्याने कागदाइतकी पातळ चकती काढायची आणि खाली मडकं अडकवायचं. चकती जाड निघाली तर पोय लवकर संपते, काढलीच नाही तर छेद सुकून रस थांबतो. म्हणून रेंदेर एकेका माडावर दिवसातून तीनदा चढतो. सकाळ-संध्याकाळ रस उतरवायला आणि मधे दुपारी फक्त ती चकती काढायला. पावसात खोड शेवाळलेलं असतं तेव्हाही त्याला सुट्टी नसते, कारण पोय थांबत नाही.

या रसाला विरजण लावावं लागत नाही. ताज्या रसात शेकडा बारा ते पंधरा भाग साखर असते. हवेतलं, पोयीवरचं आणि आदल्या दिवशीच्या मडक्यात राहिलेलं यीस्ट तिच्यावर लगेच कामाला लागतं. सकाळी उतरवलेली गोड सूर संध्याकाळपर्यंत फेसाळते आणि चढू लागते, दोन दिवसांत आंबट होते, पुढे तिचा शिरका होतो. मडक्याला आतून चुना लावला की हे आंबणं रोखलं जातं. तीच नीरा.

बाहेरून विकत आणायचं यीस्ट नव्हतं तेव्हा गोव्याचा पाव याच सुरेने फुगला. सासष्टीतल्या माजोर्ड्यात जेझुइटांनी पाव भाजायला शिकवलं असं मानतात. ख्रिस्ती घरांतल्या सणाच्या सान्नांचं, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या वड्यांचं, पीठही सुरेनेच चढायचं. सोरपोतेल आणि विंदालू या पदार्थांतला आंबटपणा माडाच्या शिरक्याचा. एका रसाने एवढा संसार उभा केला, आणि त्यातला एक भाग भट्टीवर जाऊन फेणी झाला.

काजूने या विद्येत फार थोडं बदललं. बोंडं झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपसूक गळलेलीच वेचतात. ती कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडात, पायांनी तुडवून रस काढतात. शेवटी निथळून येतो तो नीरो, तो तसाच प्यायचा. बाकीचा रस भांड्यांत दोन-तीन दिवस आंबवतात. पाणी, साखर, यीस्ट काही घालत नाहीत. मग तांब्याचं भांडं चुलीवर चढतं, वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते आणि त्यावर गार पाणी ओतत राहतात. पहिल्यांदा उतरतो तो उर्राक, सौम्य, उन्हाळ्यापुरताच. त्याचा पुन्हा अर्क काढला की फेणी.

तरी काजू जिंकला, आणि मला त्याचं कारण चवीत दिसत नाही. काजू कातळावर, उतारावर, निगराणीशिवाय वाढतो. वेचायला बायकापोरं पुरतात, जीव धोक्यात घालून चढायला नको. माडाच्या फेणीला बारा महिने कसबी माणूस हवा, आणि त्याच्या प्रत्येक माडावर सरकारचा डोळा असे. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला, तेव्हा माडी काढणाऱ्यांना परवाना आणि झाडपट्टी चुकेना. त्याच वर्षीच्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने ही अबकारी पद्धत गोव्यातही शिरली. लोकांत संताप उसळला. १८९२ साली करार संपला.

पुढे दोन्हीकडच्या वाटा आणखी फुटल्या. मुंबईच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर तेरेखोल नदीच्या अलीकडे, आजच्या महाराष्ट्रात, तीच चूल आणि तीच वाफ हातभट्टी ठरून गुन्ह्यात जमा झाली. पलीकडे १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्य होतं, घरची भट्टी टिकली आणि २०१६ साली फेणी राज्याचं वारसा-पेय झाली. सिंधुदुर्गात बी काढून घेतल्यावर बोंडांचे ढीग कुजतात तेव्हा हा फरक मनाला फार लागतो. तिथल्या शेतकऱ्याकडून कायद्याने एक जोडधंदाच काढून घेतला.

२०१६ सालीच गोव्यात माडाला वृक्षसंरक्षण कायद्याच्या झाडांच्या यादीतून वगळलं होतं, म्हणजे तोडायला परवानगी नको. लोकांनी आवाज उठवला, २०१७ साली माड यादीत परत आला. माड वाचला, पण त्यावर चढणारे घटतच गेले. रेंदेराच्या मुलाने बोटीवरची किंवा आखातातली नोकरी धरली तर त्याला बोल लावता येणार नाही. सूर मिळेनाशी झाल्यावर बेकऱ्या विकतच्या यीस्टवर गेल्या. माडाची फेणी अजून निघते, विशेषतः दक्षिण गोव्यात, पण थोडीच. मानांकन तिलाही मिळायला हवं, आणि त्यासोबत रेंदेराला विमा आणि सुरेला असा भाव, की दिवसातून तीनदा चढणं त्याला परवडेल.