शाखेच्या वहीतला इतिहास

आपल्या राजकीय चळवळीचा इतिहास आजवर मुख्यतः दोन अंगांनी लिहिला गेला: पुढाऱ्यांची चरित्रे आणि पक्षातील फाटाफूट. १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष, १९४२ चे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, १९५७ चा रिपब्लिकन पक्ष ही नावे विद्यार्थ्यांना पाठ असतात. पण वस्तीतल्या, तालुक्यातल्या समित्यांवर कोण बसत होते आणि ते काय ठरवीत होते, हे फारसे कोणी विचारत नाही. माझ्या मते आपले सामर्थ्य तिथे घडले आणि आपली पडझडही तिथूनच सुरू झाली.

१९३५ च्या कायद्याने मताचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींवर दिला. गावकुसाबाहेरच्या बहुसंख्य माणसांच्या वाट्याला तो आलाच नाही. अशा माणसाला शाखेने सभासदत्वाची पावती दिली आणि ठरावावर हात वर करण्याचा अधिकार दिला. ज्याला चावडीवर बसायला जागा नव्हती, तो सूचना मांडू लागला, दुसऱ्याच्या सूचनेला अनुमोदन देऊ लागला. लोकशाहीचा पहिला धडा त्याला सरकारने नव्हे, शाखेने दिला.

अशा काही जुन्या वह्या मी पाहिल्या आहेत. इतिवृत्त एकाच हस्ताक्षरात. खाली सह्या थोड्या, अंगठे जास्त. वर्गणीचा हिशेब आण्यांत. पाणवठ्याची तक्रार आणि परिषदेला कोणाला पाठवायचे याचा निर्णय एकाच पानावर. दारातले दुःख आणि देशाचे राजकारण या माणसांनी वेगळे मानले नव्हते. १० जानेवारी १९३८ ला खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला, ७ नोव्हेंबर १९३८ ला कामगारांचा संप झाला. भाकरी बांधून देणारे आणि घरोघर निरोप पोचवणारे हात असल्याशिवाय अशा गोष्टी होत नाहीत. जुलै १९४२ मध्ये नागपूरला फेडरेशनच्या स्थापनेबरोबरच सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद भरली. नाशिकच्या शांताबाई दाणी याच कामातून पुढे आल्या. तरीही समित्यांच्या याद्यांत बायकांची नावे कमीच राहिली, हेही सांगितले पाहिजे.

१९५२ च्या निवडणुकीत प्रौढ मताधिकार आला. मत प्रत्येकाला मिळाले, आणि तेव्हापासून शाखेतल्या हाताची किंमत हळूहळू घटली. पुढाऱ्याला आता ठराव करणारा सभासद नको होता. मतांचा आकडा हवा होता. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. १९६७ मध्ये काँग्रेसशी समझोता झाला. जागा कोणाला, हे वरून ठरू लागले. समितीचे काम पूर्वी ठरवणे हे होते, आता वरून कळवलेले ऐकणे एवढेच उरले.

१९५९ पासून पक्ष फुटत गेला तो पुढाऱ्यांच्या अहंकारामुळे, असे आपण म्हणतो. ते खरे धरले तरी प्रश्न उरतो: शाखांनी फूट का अडवली नाही? माणसे विझली होती, असे नाही. ६ डिसेंबर १९६४ ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांच्या सत्याग्रहाची हाक दिली तेव्हा लाखो लोक तुरुंगात गेले. माणसे होती, त्यागही होता. नेत्याला जाब विचारण्याची जागा मात्र उरली नव्हती. तुरुंगात जायला ज्यांना बोलावले, त्यांना निर्णयाला बोलावले नाही.

७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामपंचायतीत दलितांच्या व स्त्रियांच्या जागा राखल्या. महाराष्ट्रात २०११ मध्ये स्त्रियांचा वाटा निम्मा झाला. पण पक्षाच्या समितीत कोण बसेल, हे कोणताही कायदा सांगत नाही. त्यामुळे राखीव जागेवरचा माणूस पुष्कळदा समितीतल्या दुसऱ्या कोणाच्या तरी मर्जीवर उभा असतो.

म्हणून विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी वस्त्यावस्त्यांतून या वह्या वाळवीच्या आधी गोळा केल्या पाहिजेत. आणि कार्यकर्त्यांनी आपल्या शाखेची शेवटची सभा कधी झाली आणि तिथे ‘नाही’ म्हणून हात कोणी वर केला, हे स्वतःला विचारले पाहिजे. ज्या समितीत ‘नाही’ म्हणता येत नाही, तिथे पक्ष नसतो. नुसता दरबार असतो.